अडतीस सेकंदांचा दम

होसकोट्याच्या मंगल कार्यालयासमोर, भर वरातीत, सकवारनं डीजेच्या गाडीमागे जाऊन सरळ वायर उपटली. दोन्ही स्पीकर गप्प झाले. नवरदेव घोड्यावर बसला होता, करवल्यांचे हात नाचता नाचता हवेतच राहिले होते, आणि मागे सतरा जणांचा बँड होता. अर्धा तास झाला, तो जीव तोडून वाजवत होता आणि कुणाला ऐकू येत नव्हता.

"ओ मॅडम! ये क्या कर रहे हो?" गाडीतून एक चष्मेवाला तरुण खाली उडी मारत म्हणाला.

सकवारनं त्याला कन्नडमध्ये उत्तर दिलं. उत्तर मिनिटभर चाललं. त्या मिनिटात त्याचं शिक्षण, त्याचे कान आणि त्याच्या गाडीचा रंग, काहीच सुटलं नाही. त्याला त्यातलं फारसं कळलं नसावं. तो नुसता बघत राहिला आणि स्वतःशीच पुटपुटला, "आई गं... काय कडक बाई आहे!"

"बाई कुणाला म्हणता?" सकवार मराठीत कडाडली.

बिचाऱ्याच्या तोंडचं पाणीच पळालं. तिच्या अंगावर बँडचा लाल कोट होता, गळ्यात सॅक्सोफोन, आणि नाकाचा शेंडा कोटाहून लाल.

राग खरा होता. खंडोजीरावांच्या बँडमध्ये सॅक्सोफोन दोन असतात. स्वतः खंडोजीराव आणि दुसरा बसवंत. वरात निघाल्यापासून मांडवाच्या दारात पोचेपर्यंत सूर तुटता कामा नये, हा त्यांच्या घराण्याचा नियम. एकानं श्वास घ्यायचा तेव्हा दुसऱ्यानं सूर धरायचा. त्या दिवशी बसवंतची दाढ काढलेली, म्हणून त्याच्या जागी खंडोजीरावांची मुलगी सकवार उभी होती. डीजेच्या धडधडाटात तिला वडिलांचा सूर ऐकूच आला नाही. दोघांनी एकाच वेळी श्वास घेतला आणि सूर तुटला. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा.

"वायर लावणार का आता?" तिनं दरडावलं.

त्यानं वायर उचलली, पण लावली नाही. चष्मा वर सरकवत तो तिच्या वाद्याकडे बघत होता.

"टेनर सॅक्सोफोन ना हा?"

"डोळे आहेत ना तुम्हाला?"

"रीडची पट्टी बदलायला झालीय. वरचा सूर फाटतोय."

सकवारला वाटलं, हाच सॅक्सोफोन याच्या डोक्यात घालावा. सगळ्यात जास्त राग याचा आला, की तो बरोबर बोलत होता.

मग त्या तरुणानं वायर गुंडाळून खांद्याला अडकवली. नवरदेवाचे काका धावत आले आणि सगळ्यांदेखत त्याला झाप झाप झापलं. तो खाली मान घालून ऐकून घेत होता, आणि मागे बँड वाजत होता. मांडवाच्या दारात पोचेपर्यंत सकवारनं तीनदा वळून पाहिलं. तिसऱ्यांदा तोही बघत होता.

त्याचं नाव ध्रुव. डीजे तो नव्हताच. आजारी मित्राच्या जागी आला होता. खरं काम रेकॉर्डिंगचं.

*

सकवारचं घराणं मराठी फौजांबरोबर इकडे बेंगळुरूला आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, दारात कन्नड. बळेपेटेत बँडचं दुकान, वर घर. नवव्या वर्षी वडिलांनी तिच्या हातात जुना सॅक्सोफोन दिला. सतराव्या वर्षी दुरुस्त केलेलं एक वाद्य पोचवायला ती एका हॉटेलात गेली आणि तिथल्या वाजवणाऱ्याला ऐकत दोन तास खांबाला टेकून उभी राहिली. तो माणूस मनाला येईल तिकडे वळत होता, हरवत होता, परत येत होता, आणि कुणी त्याला रागवत नव्हतं. याला जॅझ म्हणतात, हे तिला नंतर कळलं. आपल्याला हेच करायचंय, हे मात्र खांबापाशीच कळलं होतं.

पुढची अकरा वर्षं ती तेच करत होती आणि चिडत होती. रविवारी हॉटेलात लोक इडली खात असताना वाजवायचं. मॅनेजरनं येऊन म्हणायचं, "मॅडम, जरा ओळखीचं काहीतरी वाजवा ना." एकानं विचारलं, "लाल गाऊन घालाल का? फोटोत छान दिसेल." "सॅक्सोफोनलाच घाला," म्हणून ती तिथून निघून आली. तीन बँड सोडले, की तीन बँडनी तिला सोडलं, यावर मतभेद आहेत. बाई वाजवते झकास पण नाकावर राग, अशी तिची कीर्ती झाली. पुरुष चिडला तर कलावंत, आणि बाई चिडली तर भांडकुदळ! हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

ध्रुवचा स्टुडिओ जे. पी. नगरात होता, एका चौथ्या मजल्याच्या गच्चीवर, पत्र्याखाली. त्या वरातीनंतर ओळख झाली आणि तिच्या तीन रचना तिथं ध्वनिमुद्रित करायच्या ठरल्या. बेंगळुरूचा सप्टेंबर. रोज चारच्या सुमाराला पाऊस यायचा, पत्रा ताड ताड वाजायचा आणि माइक बंद करावा लागायचा. खरं तर प्रेम जमलं ते त्या पत्र्यामुळे. पत्रा बदला म्हणून ध्रुव दोन वर्षं घरमालकाच्या मागे लागला होता. त्या महिन्यात त्यानं तो विषय काढला नाही.

"चिडलीस की तुझा उजवा खांदा वर जातो," पावसात एकदा तो म्हणाला.

"बघतोस कशाला?"

"माझं काम ऐकायचं. पावसात ऐकू येत नाही, मग... बघतो."

"स्वल्प कमी बघ."

"स्वल्प काय गं? जरा म्हण ना!"

"साडेतीनशे वर्षं म्हणतोय आम्ही. तुम्ही कधी आलात?"

"बाबांची पुण्याहून बदली झाली तेव्हा. पंच्याण्णव साली."

"मग गप्प बस. पाहुणे आहात."

तो मनापासून हसला. सॅक्सोफोनचं सगळं वजन उजव्या अंगठ्यावर येतं. वर्षानुवर्षं वाजवून तिथं तिला घट्टा पडला होता. ध्रुवनं न विचारता तो अंगठा हातात घेतला आणि घट्ट्यावरून हळूच बोट फिरवलं. सकवारला राग यायला हवा होता. तिनं वाट पाहिली... आला नाही. पाऊस थांबला तरी दोघांपैकी कुणी माइककडे गेलं नाही.

तिसरी रचना होसकोट्याच्या वरातीवरची होती. तिच्यात एक लांबलचक जागा होती, जिथं बाकी सगळे वादक थांबायचे आणि सकवार एकटी सुटायची. ते तिनं सहा वेळा वाजवलं, सहाही वेळा निराळं.

"कुठला टेक ठेवू?" ध्रुवनं विचारलं होतं.

"तुला आवडेल तो. मला ऐकवू नकोस. वाजवून झालं की झालं. उष्टं परत कोण खातं?"

ही तिची चूक. तीही लिहायला हवी.

*

नोव्हेंबरात ध्रुवनं तो तुकडा इंटरनेटवर टाकला आणि आठ दिवसांत तो दोन लाख लोकांनी ऐकला. अडतीस सेकंद! अडतीस सेकंद सूर न तोडता, श्वास न घेता एक बाई वाजवतेय! जाणकारांनी लिहिलं, ही नाकानं हवा घेत गालातल्या हवेनं वाजवत राहायची विद्या आहे आणि भारतात ती फार थोड्यांना येते. सकवारनं प्रतिक्रिया वरवर चाळल्या. लोक काहीही लिहितात, असं म्हणून ती आंघोळीला गेली.

मग पुदुच्चेरीहून फोन आला. तिथल्या जॅझ महोत्सवाचे त्रिविक्रम बोलत होते. शनिवारी रात्रीचा मोठा मंच. शिवाय रविवारी सकाळी तरुण वादकांसाठी तिची कार्यशाळा, विषय 'अखंड श्वास'.

"ते अडतीस सेकंद मंचावर वाजवाल ना?" त्यांनी विचारलं.

"अडतीस काय, पन्नास वाजवीन!" सकवार म्हणाली. ज्या मंचाची ती अकरा वर्षं वाट बघत होती, तो समोरून चालत आला होता. अशा वेळी माणूस जरा जास्तच बोलतो.

फोन ठेवून ती नाचतच दुकानात उतरली. खंडोजीराव एका क्लॅरिनेटचं बूच घासत होते. तिनं मोबाइल त्यांच्या कानाला लावला. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. दोनदा ऐकलं.

"छान गं, पुट्टी. पण दुसरा कोण?"

"दुसरा कोण म्हणजे?"

"दोघं आहेत की यात. इथं..." त्यांनी बोट वर केलं, "इथं एक श्वास घ्यायला थांबला आणि दुसऱ्यानं उचललं. जोड बरी लागलीय. कोण, बसवंत का?"

"अप्पा, मी एकटीच आहे."

खंडोजीरावांनी डोळे उघडले. "पन्नास वर्षं जोडीनं वाजवतोय मी. मला जोड ऐकू येत नाही होय?"

मग सकवारनं पहिल्यांदा स्वतःला नीट ऐकलं. सूर तिचा होता, वळणं तिची होती, पण ती अशी एका दमात कधीच वाजली नव्हती. तिनं सॅक्सोफोन उचलला आणि तेच वाजवून पाहिलं. सव्विसाव्या सेकंदाला डोळ्यांपुढे अंधारी आली. पुन्हा वाजवलं, पुन्हा सव्वीस. तळपायाची आग मस्तकात गेली आणि ती तशीच, वाद्य गळ्यात ठेवून, रिक्षात बसली.

*

"दोन टेक जोडलेस. बरोबर?" दारातूनच तिनं विचारलं.

ध्रुवनं कानावरचे हेडफोन उतरवले. त्याचा चेहराच सांगत होता. "...तुला कसं कळलं?"

"मला नाही कळलं! अप्पांना कळलं! मला वाटलं होतं मी वाजवलंय!"

"तूच वाजवलंयस, सकवार. त्यात एक सूरही परका नाही."

"मग माझा श्वास कुठाय?"

"मधे थोडी खरखर होती, म्हणून फक्त तेवढी..."

"ती खरखर मी होते!"

त्यानं हेडफोन टेबलावर ठेवले. मग हळू आवाजात म्हणाला, "टेक दोनमध्ये तू ज्या जागेपर्यंत पोचलीस, ती अफाट होती. आणि टेक पाचमध्ये तिथून पुढे जे केलंस ते... मला एकही सोडवेना."

"तुला सोडवेना! वाजवणारी मी, आणि सोडवेना तुला!"

"सगळेच करतात गं हे. निम्म्या रेकॉर्डमध्ये असे जोड असतात."

"करू देत. मला सांगायचंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच सांगायचं होतं!"

ती इतक्या जोरानं ओरडली, की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. आता ध्रुवचाही आवाज चढला. "तीनदा आलो होतो मी ऐकवायला! तीनदा! तुझं आपलं एकच, उष्टं कोण खातं! लोक दम दम म्हणून नाचायला लागले तेव्हा मी घाबरलो, हे कबूल. पण तू एकदा तरी ऐकलं असतंस..."

उत्तर नसलं की सकवार आणखी चिडत असे.

"अकरा वर्षं मला लोक सांगतायत, असं वाजव, तसं दिस. तू तरी मला आहे तशी ऐकतोयस असं वाटलं होतं. तूही मला दुरुस्तच करत होतास! फोन करू नकोस मला."

जिना उतरताना तिला रडू आलं आणि त्याचाही राग आला.

पुढचे पाच दिवस ती नारळपाण्याची नळी पाण्याच्या पेल्यात बुडवून बुडबुडे काढत बसली. ती विद्या अशीच शिकतात. पाच दिवसांत येत नाही. जमली असती तर त्या जोडाबद्दल ती गप्प बसली असती का? बसली असती, असं तिनं मनाशी कबूल केलं आणि लाजेनं तिचे कान तापले. शनिवारी तिनं नळी फेकून दिली आणि एका कागदावर लिहून काढलं, सोमवारी दहा वाजता त्रिविक्रमना काय सांगायचं. मोठा मंच जाणार होता. जाऊ दे, पण खरं ती स्वतः सांगणार होती.

रविवारी सकाळी भावानं, रणजीतनं, मोबाइल पुढे धरला. "अक्का, हे बघितलंस?"

ध्रुवनं जाहीर कबुली दिली होती. जोड मी लावला, तिला न विचारता लावला, तिचा यात काही दोष नाही. खाली मूळ टेक दोन, श्वासासकट. आणि त्याखाली लोक. निम्मे ध्रुवच्या प्रामाणिकपणापुढे हात जोडत होते. उरलेले सकवारला खोटारडी म्हणत होते.

"परत!" सकवार किंचाळली. "परत न विचारता!"

करून-सवरून हा संत, आणि ती चोर! तिचं सांगणंसुद्धा तो तिच्याआधी सांगून मोकळा झाला होता. कागदाचे तिनं बारीक बारीक तुकडे केले.

सोमवारी तिनं तरीही फोन केला. त्रिविक्रम घसा खाकरून म्हणाले, "कार्यशाळा आता शक्य नाही. शनिवारही दुसऱ्या कुणाला दिलाय. पण मॅडम, तो मूळ टेक मी ऐकला. श्वास घेतल्यानंतर तुम्ही जे उचललंय ना... शुक्रवारी दुपारी लहान मंचावर अर्धा तास रिकामा आहे. याल?"

"येईन. पण त्या दिवशी जसं येईल तसं वाजवीन."

"तसंच हवंय," ते म्हणाले.

दुपारी त्यांनी फॉर्म पाठवला. सकवारनं तो तिथल्या तिथं भरून टाकला.

*

दुसऱ्या दिवशी बळेपेटेहून हेब्बाळला ध्रुवच्या घरी पोचायला तिला पावणेदोन तास लागले. प्रत्येक सिग्नलला तिला सांगायची एक नवी गोष्ट सुचत होती. दार ध्रुवच्या आईनं, प्रेमाताईंनी उघडलं.

"तुम्हीच सकवार ना?" त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बरं झालं आलात. आठ दिवस नुसता भिंतीकडे बघत बसलाय. भांडायचं असेल तर खाली पार्किंगमध्ये भांडा हं, वर यांची मीटिंग चालू आहे."

पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधे ध्रुव उभा राहिला, दाढी वाढलेला. तिला एकदम वाईट वाटलं. तेवढ्यानं ती थांबणार नव्हती.

"माफी माझ्याकडे मागायची होती. जगाकडे नाही!"

"तू फोन करू नको म्हणालीस..."

"हे बरं ऐकलंस!"

"चुकलो," तो म्हणाला. "दोन्ही वेळा. दुसऱ्यांदा तर जास्तच. मला वाटलं, मी सगळा दोष घेतला की तू सुटशील. तुला सुटायचंय का, हे विचारलंच नाही."

तिनं तयार करून आणलेलं निम्मं बोलणं वाया गेलं. उरलेलं निम्मं तिनं तरीही बोलून टाकलं.

"मला तू आवडतोस. कळलं? आणि सगळ्यात जास्त राग मला त्याचाच येतोय. नुसता साउंडवाला असतास ना, तर एका शिवीत विषय संपवला असता. आठ दिवस झोप नाही मला! वाजवायला घेतलं की वाटतं, पत्र्यावर पाऊस यावा आणि थांबावं लागावं. डिसेंबर चालू आहे, ध्रुव! कुठून येणार पाऊस?"

ध्रुवनं चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"जानेवारीचा दुसरा शुक्रवार," ती घाईघाईनं म्हणाली. "पुदुच्चेरी, लहान मंच. माइक तू लावायचेस, आणि कशालाही कात्री लावायची नाही. सामान बांधून तयार राहा. फॉर्ममध्ये तुझं नाव दिलंय."

"माझं नाव दिलंस?"

"हो."

"कधी?"

"काल दुपारी."

ध्रुवनं तिच्याकडे पाहिलं. "मला न विचारता?"

सकवारनं तोंड उघडलं. तिला दोन भाषांमध्ये भांडता येत होतं, गरज पडली तर हिंदीतही. एकही शब्द बाहेर पडला नाही. वॉचमन खुर्ची वळवून त्यांच्याकडे बघत बसला होता.

"हसू नकोस," शेवटी ती म्हणाली.

"हसत नाहीये."

"हसतोयस."

"बरं... स्वल्प."

तिचे कान लाल झाले. ओरडायला तिला कधीच काही लागलं नव्हतं. पण एखाद्याला विचारायचं, म्हणजे तो नाही म्हणू शकतो हे माहीत असून विचारायचं... आणि मग उत्तर येईपर्यंत तसंच उभं राहायचं! हे इतकं अवघड असतं, हे तिला आत्ता, या पार्किंगमध्ये कळत होतं.

"येशील?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"साउंडसाठी?"

"साउंडसाठी," ती म्हणाली. मग जमिनीकडे बघत... "आणि नुसतासुद्धा."

"विचार करून सांगतो."

"ध्रुव!"

"अगं हो! हो म्हणतोय. हो."

मग सकवारनं त्याचा हात घट्ट धरला आणि पुढची पाच मिनिटं, तो न सोडता, ती त्याच्यावर ओरडत राहिली.